पहिली वीस मिनिटं: गावाच्या आग पथकात नव्यानं येणाऱ्यांसाठी

गड्ड्याची जत्रा उरकली, हुरडा संपला की आमच्या माळावरचं गवत पिवळं पडून हाताला कुरकुरीत लागायला लागतं. वन विभागाच्या हिशेबात आगीचा हंगाम १५ फेब्रुवारी ते १५ जून. आम्ही मात्र गवताची मूठ चुरून बघतो. ज्या दिवशी तिचा भुगा होतो, त्या दिवसापासून आमचा हंगाम सुरू.

मी उत्तर सोलापूर तालुक्यातला. नान्नजच्या माळढोक अभयारण्याचे गवताचे तुकडे आमच्या शिवारात मधूनमधून पसरलेले आहेत. एका बाजूला राखलेलं कुरण, बांधापलीकडं ज्वारी, त्यापलीकडं ऊस. त्यामुळं इथं ‘जंगलाची आग’ आणि ‘शेतातली आग’ असा भेद फार वेळ टिकत नाही. बांधावर कुणी पेटवलेला काडीकचरा तासाभरात कुरणात असतो आणि कुरणातली आग संध्याकाळी कुणाच्या तरी कडब्याच्या गंजीपाशी.

यंदा जी मुलं-मुली पहिल्यांदा पथकात येणार आहेत, त्यांच्यासाठी हे लिहितोय. अग्निशमन दलाची गाडी सोलापूर, बार्शी, पंढरपूर अशा शहरातून किंवा जवळच्या साखर कारखान्यातून येते. आमच्या वस्तीवर ती यायला चाळीस मिनिटं धरूनच चालावं लागतं. पहिली वीस मिनिटं गावाची असतात आणि आग हाताशी असते तीही तेवढाच वेळ. त्या वीस मिनिटांत काय होतं, ते आधीच्या दोन महिन्यांत काय केलंय यावर ठरतं. म्हणून आधी तयारी, मग आग.

पायरी १: शिवार पायी फिरा

जानेवारीच्या शेवटी एक दिवस काढून शिवार पालथं घाला. वहीत साधा नकाशा काढा. सुबक नसला तरी चालेल, खरा हवा. त्यात एवढ्या गोष्टी पाहिजेतच:

- पाणी कुठं आहे: विहिरी, शेततळी, बोअर, आणि उन्हाळ्यात त्यातलं कुठलं आटतं
- विजेचे डीपी (ट्रान्सफॉर्मर) आणि लोंबकळलेल्या तारा
- मोठी गाडी जाईल अशी पाणंद (शेतातली वाट), आणि न जाईल अशीही
- एकटी घरं, गोठे, गंज्या, ऊसतोड टोळ्यांच्या कोप्या (झोपड्या)

पाण्याबद्दल एक गोष्ट नवख्यांच्या लक्षात येत नाही. विहिरीला पाणी असतं, पण शेतीची लाईट ठरलेल्या तासांतच असते. आग दुपारी दोनला लागली आणि पंपाची थ्री फेज वीज रात्रीची असेल तर विहीर असून नसल्यासारखी. म्हणून सौरपंप कुणाकडं, डिझेल इंजिन कुणाकडं, ट्रॅक्टरला जोडायचा पंप कुणाकडं, हे नकाशावर नावानिशी लिहा.

पाणंदीचंही तसंच. भरलेल्या बंबात हजारो लिटर पाणी असतं. ओढ्यातल्या मऊ वाळूत तो रुतला की संपलं. आमच्याकडं काही पाणंदी दोन्हीकडच्या वेड्या बाभळींनी इतक्या दाटल्या होत्या की टेम्पोसुद्धा खरचटत जायचा. बाभळी छाटायला तीन रविवार गेले. मला विचाराल तर ते पथकाचं आजवरचं सगळ्यात मोठं काम आहे, आणि त्या दिवशी कुठंही आग नव्हती.

तारा लोंबकळत असतील, दोन तारा वाऱ्यात एकमेकींना लागत असतील, तर महावितरणच्या १९१२ वर तक्रार नोंदवा. शिवाय शाखा कार्यालयात लेखी अर्ज देऊन पोचही घ्या. पुढं नुकसानीची वेळ आली तर तो कागद लागतो. बांबूनं तारा सारण्याचा उद्योग कुणी करू नये. डीपीभोवतीचं गवत आणि झुडपं दहा फूट तरी साफ ठेवा, तेही लाईनमनला सांगून.

पायरी २: पट्टे मारा

आगीला तीन गोष्टी लागतात: उष्णता, हवा आणि जळण. उन्हाळ्यात ४३-४४ अंशांचं ऊन आणि माळावरचा वारा आपल्या हातात नाहीत. जळण तेवढं आहे. जिथं जळण तुटतं तिथं आग थांबते, म्हणून जाळरेषा, म्हणजे जळण काढून मोकळा केलेला पट्टा.

गायरान आणि शेतं यांच्या मध्ये, रस्त्याच्या कडेनं आणि वस्तीभोवती किमान दहा फुटांचा पट्टा मोकळा करा. ट्रॅक्टरनं नांगरून माती वर आली की झालं. नांगर चालत नाही तिथं गवत कापून दाताळ्यानं ओढून घ्या. कापलेलं गवत पट्ट्यातच पडू देऊ नका, जनावरांना घाला. वन विभागाच्या हद्दीत मात्र स्वतःच्या मनानं काही करू नका. तिथल्या जाळरेषा विभाग स्वतः घेतो. वनरक्षकाला भेटा, कुठल्या बाजूला माणसं कमी पडतात ते विचारा आणि त्यांच्या सोबत काम करा. गवत जाळून पट्टा काढायची पद्धत आहे, पण ती त्यांच्या देखरेखीखालीच.

इथं एका समजुतीबद्दल बोललं पाहिजे, कारण तुमच्याच घरातलं कुणीतरी म्हणेल: ‘माळ पेटवला की पुढल्या साली गवत जोमानं येतं.’ पहिल्या पावसानंतर हिरवं दिसतं हे खरं आहे. पण वर्षानुवर्षं जाळलेल्या माळावर काय उरतं ते जाऊन बघा. कुसळ आगीला जुमानत नाही, ते टिकतं. पवना, मारवेल यांसारखं जनावरं आवडीनं खातात ते गवत मागं पडत जातं. शिवाय चंडोल, तित्तर यांची घरटी जमिनीवर असतात. काळवीट पळून जाईल, अंडी पळत नाहीत. माळढोक आता क्वचितच नजरेला पडतो. १९७९ साली ज्या पक्ष्यासाठी हे अभयारण्य झालं, त्याच्या माळाला काडी लावायची हिंमत आपल्याच्यानं होऊ नये. कायदाही तेच सांगतो. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या कलम ३० नुसार अभयारण्यात आग लावणं गुन्हा आहे आणि १९२७ च्या भारतीय वन कायद्याचं कलम २६ राखीव वनाला तेच लागू करतं. त्याच वन कायद्याच्या कलम ७९ प्रमाणं वनातून हक्कानं चारा, लाकूड घेणाऱ्या गावकऱ्यांनी आगीची खबर देणं आणि ती विझवायला मदत करणं हे कर्तव्य आहे.

उसाच्या पाचटाचंही, म्हणजे वाळलेल्या पाल्याचंही, असंच. हेक्टरी आठ ते दहा टन पाचट निघतं आणि आपण ते एका काडीत उडवतो. त्यापेक्षा ते सरीत दाबा. टनामागं ८ किलो युरिया, १० किलो सिंगल सुपर फॉस्फेट आणि १ किलो पाचट कुजवणारं जिवाणू कल्चर टाकलं की शेतातच खत होतं. पथकातल्या माणसानं स्वतःच्या शेतात पाचट जाळू नये. नाहीतर दुसऱ्याला सांगायला तोंड राहत नाही.

पायरी ३: माणसं आणि निरोप

पथकात बायका हव्यातच. हे शोभेसाठी म्हणत नाही. दुपारी गावातली बरीच तरुण मंडळी चिंचोली एमआयडीसीत नाहीतर सोलापुरात कामावर असतात. खुरपायला, वेचायला शिवारात असतात त्या बायका. धूर पहिल्यांदा त्यांना दिसतो. आमच्या पथकात बचत गटातल्या सहा जणी आल्यापासून निरोप लवकर पोचतो आणि पाण्याची साखळीही नीट लागते.

कामं आधीच वाटून घ्या. एक जण म्होरक्या. आगीपाशी त्याचाच शब्द चालेल, तो वयानं लहान असला तरी. एक जण टेहळणीला, जो आग विझवत नाही, नुसता लांब उंचावर उभा राहून वारा आणि आगीचं तोंड बघतो. एक जण फाट्यावर मोटारसायकल घेऊन बंबाची वाट बघतो. नवख्याला ही दोन कामं ‘बिनकामाची’ वाटतात. सगळ्यांना आग झोडायला पुढं जायचं असतं. पण टेहळणीला कुणी नसेल तर पथक आंधळं असतं.

निरोपाचे क्रमांक आजच फोनमध्ये घाला: १०१ अग्निशमन, ११२ आणीबाणी, १९२६ वन विभाग, १०८ रुग्णवाहिका, १०७७ जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्ष. जवळच्या नगरपालिकेचा आणि साखर कारखान्याचा बंब असेल तर त्यांचे थेट क्रमांकही. ग्रामसुरक्षा यंत्रणेत घरटी नंबर नोंदवलेले असतील तर १८००२७०३६०० वर एक फोन केला की तुमच्या आवाजातला निरोप सगळ्या गावाला एकाच वेळी जातो. व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर भरवसा ठेवू नका. दुपारी फोन गोठ्यात चार्जिंगला असतो.

फोनवर बोलताना आधी जिल्हा, तालुका, गाव. मग काय पेटलंय, मग घरं किंवा माणसं जवळ आहेत का, मग वाट. ‘गट नंबर अमुक’ सांगून ड्रायव्हरला काही कळत नाही. ‘फाट्यावरून आत या, खंडोबाच्या देवळापासून डावीकडं, पुढं निळ्या टाकीपाशी माणूस उभा आहे’ असं सांगा. तारेखाली आग आहे का, हेही सांगायचं.

डेहराडूनच्या भारतीय वन सर्वेक्षण संस्थेची उपग्रहावरून आगीचे इशारे देणारी सोय आहे. नाव नोंदवलं की एसएमएस येतो. जरूर नोंदवा. पण उपग्रह दिवसातून ठरावीक वेळाच वरून जातो आणि त्याचा एक ठिपका पावणेचारशे मीटरचा असतो. बांधावरची छोटी आग त्याच्या आधी आपल्याला दिसली पाहिजे.

पायरी ४: अंगावर काय, हातात काय

पथकात दुसऱ्याच वर्षी मी घाईत नायलॉनची ट्रॅक पँट घालून गेलो होतो. ठिणगी पडली, कापड जळलं नाही, वितळलं, आणि पोटरीला चिकटलं. डाग अजून आहे. म्हणून सांगतो: पूर्ण बाह्यांचा सुती शर्ट, सुती जाड पँट, पायात चामड्याचे बूट. चप्पल आणि प्लास्टिकचे सँडल घालून आलेल्याला आम्ही पाणी वाहायलाही आगीजवळ येऊ देत नाही. डोक्याला सुती टॉवेल, तोंडावर ओला रुमाल. बायकांनी साडीचा पदर घट्ट खोचून वर सुती शर्ट चढवावा आणि साडी सिंथेटिक असेल तर त्या दिवशी मागच्या फळीत राहावं.

प्रत्येक घरात एक घोंगडं असावं. सांगोला-मंगळवेढ्याकडच्या मेंढपाळांकडचं लोकरीचं घोंगडं सहजासहजी पेट घेत नाही. कुणाच्या कपड्यांना आग लागली तर त्यात गुंडाळून जमिनीवर लोळवायचं. शुद्ध सुती सोलापुरी चादर ओली करून वापरली तरी चालते.

हत्यारं महागडी नकोत. कडुनिंबाचा ताजा, पानांनी भरलेला ढहाळा हे आजही माळाच्या आगीवर उत्तम हत्यार आहे. पाच-सहा फुटी बांबूला जुन्या जाड रबरी पट्ट्याचा तुकडा बांधला की झोडणी होते. फावडं, कुदळ, कोयता आणि दाताळं घरात असतंच. पाठीवरचा सोळा लिटरचा फवारणी पंप अतिशय कामाचा. पाणी थोडं असलं तरी नेमकं ज्वाळेच्या मुळाशी मारता येतं.

आणि आपल्या जिल्ह्याची खरी ताकद म्हणजे डाळिंब-द्राक्षवाल्यांचे ट्रॅक्टरवरचे फवारणी ब्लोअर. पाचसहाशे लिटरची टाकी, दाबाचा पंप, लांब पाईप आणि गन, हे सगळं तयार असतं. फेब्रुवारी ते जून आपल्या शिवारातले दोन ब्लोअर तरी साध्या पाण्यानं भरून ठेवायचे, असं मालकांशी आधीच ठरवा. टाकी औषधाची असेल तर आधी तीनदा धुऊन घ्या. आणि पंखा बंद ठेवून फक्त गन वापरायची. पंखा चालू राहिला तर तुम्ही आगीला हवा घालताय. वन विभागाकडं पाठीवरचे हवेचे ब्लोअर असतात, त्यांचं काम वेगळं आहे: ते पुढचा पालापाचोळा जळालेल्या बाजूला उडवतात. ते शिकलेल्यांनीच चालवावेत.

पायरी ५: माळाच्या आगीपाशी

पोचल्यावर पहिलं अर्धं मिनिट काही करू नका. चिमूटभर माती वर उडवा, वारा बघा. आगीला तोंड असतं, दोन कुशी असतात आणि शेपूट असतं. वारा जिकडं ढकलतो ते तोंड. तिथं ज्वाळा उंच आणि धावती. जिथून आग सुरू झाली ते शेपूट, तिथं ती रांगत असते.

आमच्या गावातल्या एका मेंढपाळ आज्ज्यानं मला पहिल्या दिवशी सांगितलं होतं, ‘आगीच्या म्होरं जाऊ नगं. तिच्या मागनं जा, कडंकडंनं जा.’ अग्निशमनाच्या प्रशिक्षणात नंतर जे ऐकलं, ते याहून वेगळं नव्हतं. शेपटापासून, शक्यतो रस्ता, ओढा किंवा नांगरलेलं रान अशा भक्कम जागेपासून सुरुवात करा. दोन टोळ्या दोन्ही कुशींनी पुढं सरका. एक पाय जळालेल्या काळ्या भागाशी असू द्या, कारण जे जळून गेलंय ते पुन्हा पेटत नाही. पळायची वेळ आली तर तीच तुमची सुरक्षित जागा. दोन्ही टोळ्या तोंडाकडं येत जातात, तसं तोंड अरुंद होत जातं. पुढं रस्ता किंवा पट्टा आला, वारा पडला की तिथं ते धरायचं.

झोडण्याची रीत अशी: ढहाळा ज्वाळेच्या बुडाशी आडवा दाबायचा, क्षणभर तसाच धरायचा, मग काळ्या बाजूकडं ओढून घ्यायचा. डोक्यावरून उगारून आपटू नका. त्यानं ठिणग्या मागच्या वाळल्या गवतात उडतात आणि पाठीमागं दुसरी आग तयार होते. दोघांत आठ-दहा फुटांचं अंतर ठेवा. दर दहा मिनिटांनी पुढचा माणूस मागं, मागचा पुढं.

ज्वाळा कमरेच्या वर असेल तर ढहाळ्यानं ती विझत नाही, माणूस भाजतो. तिथून मागं सरा, पट्टा गाठा, ब्लोअरची वाट बघा.

चढ असेल तर आग वर धावते. उतार दहा अंशांचा झाला तरी सपाटीपेक्षा ती साधारण दुप्पट वेगानं चढते. बार्शीकडच्या बालाघाटाच्या डोंगरात किंवा माळशिरस-सांगोल्याच्या टेकड्यांवर आगीच्या वरच्या अंगाला कधीच उभं राहू नका. आणि सपाट माळावर वावटळीची भीती धरा. चैत्र-वैशाखात दुपारी उठणारी वावटळ जळता पाला उचलून बांध, रस्ता, पट्टा सगळं ओलांडून टाकते. टेहळणीवाल्यानं ‘वावटळ!’ म्हणून हाक दिली की सगळ्यांनी काळ्या भागात.

समोरून उलटी आग लावून मुख्य आग खायला घालायची युक्ती जुन्या लोकांना ठाऊक आहे. नवख्यानं ती करू नये, आणि पथकानंही वन अधिकाऱ्याच्या हुकमाशिवाय करू नये. वारा फिरला तर मधे अडकलेल्या माणसाला वाट राहत नाही.

ऊस पेटला तर

इथं नियम एकच: पेटलेल्या फडात शिरायचं नाही. कशासाठीही नाही. उभ्या उसात दोन हातांवरचं दिसत नाही, पाचट पायाखाली गुडघाभर असतं आणि धूर ठिबकच्या नळ्यांचा, विषारी.

ऊस नव्हे, आधी माणसं बघा. फडाजवळ टोळी उतरलेली असेल तर पहिली धाव कोप्यांकडं. बांबू, पाचट आणि ताडपत्रीच्या त्या कोप्या क्षणात जातात. आईबाप फडात कोयता चालवत असतात आणि लेकरं कोपीत झोपलेली असतात. टोळी आली त्या आठवड्यातच मुकादमाला भेटून कोप्यांभोवतीचं पाचट ओढून काढायचं, चुली एका बाजूला घ्यायच्या आणि दोन पिंप पाणी भरून ठेवायचं, हे पथकानं मनावर घ्यावं. ती माणसं आपल्या मतदार यादीत नसतील, पण आपल्या शिवारात आहेत.

मग वाऱ्याच्या पुढच्या अंगाला, आगीपासून पुरेसं लांब, ट्रॅक्टरनं आडव्या चार-पाच सऱ्या पाडून पाचट बाजूला ओढा आणि ब्लोअरनं शेजारच्या फडाची कड भिजवा. पेटलेला फड बहुतेक वेळा जातोच. शेजारचे तीन वाचवणं हेच त्या दिवशीचं यश. आग तारेमुळं लागली असेल तर वीज बंद झाल्याची खात्री लाईनमनकडून मिळेपर्यंत तारेवर किंवा डीपीवर पाण्याचा थेंब मारायचा नाही.

गंजी पेटली तर

आपल्याकडं मालदांडीचा कडबा म्हणजे वर्षाची वैरण. गंजी जळाली की माणूस दुसऱ्या दिवशी जनावरं बाजारात नेतो, हे मी पाहिलंय. म्हणून गंजी (बनीम) रचतानाच दक्षता घ्या: तारेखाली नाही, गोठ्याला चिकटून नाही, सगळा कडबा एकाच ठिकाणी नाही. दोन लहान गंज्या, मध्ये पन्नास फूट अंतर, भोवती नांगरलेली माती.

पेटल्यावर आधी दावी कापा. त्यासाठी गोठ्याच्या दाराशी एक विळा कायम अडकवलेला असावा. सुटलेली जनावरं वाऱ्याच्या विरुद्ध अंगाला नेऊन दुसरीकडं बांधा. मोकळी सोडली तर घाबरून पुन्हा आपल्याच गोठ्यात शिरतात.

वरून पाणी ओतून गंजी विझत नाही, पेंढ्या पाणी आत जाऊ देत नाहीत. लांब आकडीनं किंवा जेसीबीनं पेंढ्या ओढून पसरवाव्या लागतात आणि एकेक भिजवावी लागते. पाण्यात थोडा कपड्यांचा साबण मिसळला तर ते आत लवकर मुरतं. गंजीवर चढू नका. ती आतून पोकळ जळते.

कधी मागं फिरायचं

टेहळणीवाला दिसेनासा झाला. वारा फिरला. परतीची वाट धुरात गेली. ज्वाळा डोक्याच्या वर गेली. कुणाला चक्कर आली किंवा घाम यायचा बंद झाला. यातलं एकही घडलं की निघायचं. म्होरक्यानं ‘मागं’ म्हटल्यावर वाद घालणारा माणूस आम्ही पुढच्या वेळी घेत नाही, मग तो कितीही तगडा असो.

एकट्यानं कधीच जाऊ नका. मला ते पोटरी भाजल्यावर कळलं. त्या दिवशी मी एकटाच पुढं गेलो होतो, ‘एवढीशीच तर आहे’ म्हणून.

उन्हात काम असतं, तेव्हा दर वीस मिनिटांनी पाणी. एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालून बाटल्या तयार ठेवा. भाजलं तर वाहत्या साध्या पाण्याखाली वीस मिनिटं धरा. बर्फ, तूप, टूथपेस्ट, शाई यातलं काहीही लावू नका. चिकटलेलं कापड ओढून काढू नका. स्वच्छ सुती कापडानं हलकं झाकून १०८ ला फोन करा.

आग विझली, असं वाटल्यावर

इथं थकवा येतो आणि इथंच चूक होते. एका वर्षी आम्ही संध्याकाळी सातला घरी गेलो. रात्री अकराला एका बाभळीच्या खोडातून आग पुन्हा उठली आणि गिरिपुष्पाची सगळी लागवड गेली. खोड आतून धुमसत होतं, कुणी बघितलंच नाही.

विझल्यावर कडेनं सगळीकडून फिरा. हाताचा मागचा भाग जमिनीजवळ धरून ऊब तपासा. जुनी खोडं, उकिरडे, गोवऱ्यांचे ढीग, बांधातल्या मुळ्या, कुजकं लाकूड हे कुदळीनं उकरून, पाणी आणि माती कालवून थंड करा. नुसती माती लोटू नका, तिच्याखाली निखारा दिवसेंदिवस जगतो. काळ्या कडेपासून आत पंधरा-वीस फूट तरी एकही धुराची रेघ राहता कामा नये. रात्री दोघंदोघं पाळीनं बसा आणि पहाटे पुन्हा फिरा. पहाटे हवा थंड असते, धुराची बारीक रेघही दिसते. दुपारच्या वाऱ्याआधीची ती शेवटची संधी.

सकाळी फोटो काढा, काहीही हलवण्याआधी. तलाठी, ग्रामसेवक, कृषी सहायक यांना बोलावून पंचनामा करून घ्या आणि त्याची प्रत मागा. आग विजेमुळं लागली असा संशय असेल तर महावितरणला लेखी कळवा आणि विद्युत निरीक्षकाच्या तपासणीची मागणी करा. भरपाईचा पुढचा सगळा प्रवास त्या अहवालावर चालतो. आधी १९१२ वर केलेल्या तक्रारीचा क्रमांक आणि अर्जाची पोच आता जोडायची.

शिमग्याच्या दुसऱ्या दिवशी आणि गावच्या यात्रेत शोभेची दारू उडाल्यावर अशीच एक फेरी मारा, आग लागलेली नसतानाही. होळीची राख वरून पांढरी दिसते, आत दोन दिवस विस्तव असतो.

आणि पथकाच्या वहीत त्याच दिवशी लिहून ठेवा: आग कुठं दिसली, कुणाला दिसली, निरोप किती वाजता गेला, पहिला माणूस किती वाजता पोचला, कुठल्या विहिरीवर पंप चालला नाही, कुणाचे बूट फाटलेत. पुढच्या रविवारी बसून तेवढंच वाचायचं आणि त्यातलं एकेक काम कुणाच्या तरी नावावर टाकायचं.